दाराला पांढरं फडकं

१९ सप्टेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना सांग, चष्मा पोहोचला आणि नाकावर नीट बसला. गल्लीतला चिखल निघाला, भिंतींवर मात्र खांद्याएवढी रेघ राहिली आहे. माझा दवाखाना सुरू झालाय. औषधं देता देता मी लोकांवर डाफरतेही आहे, म्हणजे सगळं पूर्ववत.

पुरानंतर आता अण्णांना इथे एकटं ठेवायचं नाही, कायमचं तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस. फोनवर मी दोनदा विषय बदलला. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून लिहायला बसले.

आमच्या गल्लीच्या मदत पथकाची पद्धत तुला ठाऊक आहे. नदी फुगली की ज्या घरात अडलेलं माणूस आहे, त्यांनी दाराला फडकं बांधायचं. लाल म्हणजे उचलायला माणसं हवीत, पांढरं म्हणजे आमचं आम्ही बघतो. ही अक्कल माझीच. अंथरुणाला खिळलेले, न दिसणारे, मशीनवर श्वास घेणारे मिळून गल्लीत अकरा जण आणि धावणारे आम्ही सहा. आधी कुठे धावायचं ते कळायला नको? अण्णांना लाल फडकं मी स्वतः नेऊन दिलं होतं.

त्या सकाळी त्यांच्या दाराला पांढरं होतं.

तुला सांगितलं होतं की गडबडीत मी त्यांच्या दारापर्यंत पोहोचलेच नाही. ते खोटं आहे. मी दारासमोर उभी होते. पाणी घोट्याला लागत होतं आणि किल्ली माझ्या पिशवीत होती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून दहा पावलं टाकायला त्यांना काठी आणि भिंत दोन्ही लागतात, हे मला माहीत नाही होय? पण आत गेले असते तर अर्धा तास हुज्जत. "मला गाठोड्यासारखं उचलणार? सगळ्या गल्लीदेखत?" ते पांढरं फडकं बघून मला हायसं वाटलं, दादा. मी पुढच्या दाराकडे गेले.

चार तासांनी पथकातल्या प्लंबरने दार फोडलं. अण्णा पलंगावर उभे, एका चांगल्या पायावर, पाणी कमरेला. खिडकीचे गज धरलेली बोटं सोडवायला दोघं लागले. हॉस्पिटलात मी समोर गेले तर पहिला प्रश्न, "बाकीचे दहा निघाले?" मी होकाराची मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

काल धीर करून विचारलं, "पांढरं का बांधलंत?"

"लाज वाटली," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि किल्ली असून तू का नाही आलीस?"

"तुमच्या हुज्जतीचा कंटाळा आला होता."

चक्क हसले. "मग दोघंही शहाणे!"

फडकी मी केराच्या टोपलीत टाकली. आता माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय दार सोडायचं नाही, आतून कितीही शिव्या येवोत. प्रत्येकाला दोन शेजारी नेमून दिलेत, एक घरी नसला तर दुसरा. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फोनचा चार्जर एका प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खिळ्याला. पाच घरं झाली, सहा राहिलीत. सगळी करणार, कोणी कितीही कटकट करो.

रविवारी सराव आहे. खुर्चीत बसवून एकेकाला जिन्याने शाळेच्या गच्चीवर न्यायचं. पहिलं कोण बसणार म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. अण्णा म्हणाले, "मला उचला. गल्लीदेखत."

तू त्यांना घेऊन गेलास तर मला बोलायला तोंड नाही. मी हट्ट धरणार नाही. पण निर्णय माझ्या चुकीवरून करू नकोस, त्यांना विचारून कर. आणि फोनवर विचारू नकोस.

सराव सकाळी आठला आहे. खुर्ची उचलायला चार माणसं लागतात. तीन मिळालीत. चौथं मी कोणाला विचारलेलं नाही.

तुझी धाकटी