खाकी मागावरचं लष्करीकरण

५ एप्रिल १९४२, जळगाव
गिरणी बंद, रविवार. ओट्यावर पेपर वाचून दाखवला. चाळीत चौथी शिकलेला मी एकटा, म्हणून मास्तर म्हणतात. आज मोठा शब्द: लष्करीकरण. शेजारचे गफूरचाचा, माग दुरुस्त करणारे, म्हणे, "ये कौनसी बला, मास्तर?" ठोकून दिलं: गावोगाव फौजभरती. आपल्याला काय? आपण मागावर! सगळे खूश.

७ एप्रिल
धोतरजोड्या बंद. आमच्या सगळ्या मागांवर खाकी. जाड सूत, तुटत नाही. दोन माग चालवतो, तिसरा द्या म्हणालो. जॉबर, खात्याचा मुकादम, हसला.

९ एप्रिल
आबांचं कार्ड, घरून, नरडाण्याहून. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अक्काला सासरहून आण. एकटा भाऊ मी. माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय तिला निघता येत नाही. गेल्या साली गेलो नाही. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी बसली म्हणे. सासू बोलली, "माहेर आटलं का?" यंदा जाणारच. हिरवं लुगडं घेतलं.

११ एप्रिल
आता भोंग्याआधी फाटकात रांग. नावाने हजेरी नाही, पितळी बिल्ला. माझा ३१४. पुकारला की "हजर!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडतो. बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

१४ एप्रिल
चार दिवस रजा मागितली. जॉबर आमच्याकडचाच, नाना म्हणतो त्याला.
"रजा बठ्ठी बंद. लढाईनं काम शे."
"नाना, मी काय फौजमा शे का?"
"बिल्ला दखाड."
दाखवला.
"मंग?"
न विचारता गेलं तर नाव कमी, काम गेलं. फाटकाबाहेर भरतीवाल्याचं टेबल मांडलंय. कमी झालेल्यांना तिथूनच हाक येते.

१५ एप्रिल
चाचांना म्हणालो, त्या रविवारी लष्करीकरणाचा अर्थ चुकीचा सांगितला. ते गावोगाव नंतर. आधी आमच्याच खात्यात झालं, आणि मी वर "हजर" ओरडत होतो.
"तो दुरुस्त कर ना," चाचा म्हणाले. "माग मी करतो, शब्द तू कर."
ओट्यावर सगळ्यांना परत सांगितला. कोणी हसलं नाही.
अक्काला कार्ड टाकलं: गल्लीत बसू नको, गाठोडं बांध.

१६ एप्रिल
भोंग्याआधी लिहितोय. लुगडं पिशवीत. भुसावळची गाडी धरणार, पुढे अक्काच्या सासरी, एदलाबादपर्यंत, मिळेल ते. रांगेत ३१४ पुकारतील, पुकारू देत. चाचांनी भाकरी बांधून दिली. बिल्ला त्यांच्याजवळ ठेवावा की फाटकावर टाकून जावा...
सध्या खिशात.