आई, तुझ्या राखीभावाचं नाक मी फोडलं

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुला सांगावं असं काही घडलंच नव्हतं. आज घडलं. तुझ्या राखीभावाचं नाक फोडलं मी! पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहितेय.

तुझं दिवसकार्य आटोपलं तेव्हा तुझ्या कारखान्याचा शेठ म्हणाला, "आईची जागा लेकीला देतो." म्हणून गेले मी सातिवलीच्या त्या झाकणांच्या कारखान्यात. तू कायम म्हणायचीस, "कुठेही काम कर, सातिवलीला नको." का नको, ते एकदा तरी नीट सांगायचंस ना गं! मला वाटायचं, मी ऑफिसात बसावं म्हणून म्हणतेस.

आणि तो दिलीप सुपरवायझर! दर वर्षी त्याच्यासाठी राखी घ्यायचीस, बेसनाचे लाडू वळायचीस. मी चिडवायचे, "सख्ख्या मामाला कधी एवढे लाडू मिळाले नाहीत." तू हसायची नाहीस. कामाला लागल्यावर कळलं, तिथल्या सगळ्याच बायका त्याला राखी बांधतात. भाऊ म्हटलं की तरी हात आवरेल म्हणून. कुठला आवरतोय मेला!

आज त्याने मला गोडाऊनमध्ये बोलावलं आणि मागून धरलं. मी ओरडले, "माझ्या आईचे भाऊ ना तुम्ही?"

हसला. म्हणाला, "तुझी आईपण राखी बांधून इथेच उभी राहायची."

आई, माझं डोकंच फिरलं. त्याच्या हाताला कडकडून चावले. त्याने माझं डोकं रॅकवर आपटलं. हाताला लोखंडी पाना लागला, तो हाणला तोंडावर. पुन्हा हाणला. तो रक्त थुंकत खाली बसला, तरी मी लाथा घालत होते. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या सुनंदामावशीने कमरेला धरून ओढलं, म्हणून वाचला.

मी तक्रार दिली, तर आता त्याचीही तक्रार आहे माझ्यावर. शेठ म्हणतो, "तू मागे घे, तोही घेईल."

पोलीस मॅडमनी विचारलं, "आणखी कुणाला त्रास दिलाय त्याने?"

सुनंदामावशी पुढे झाली. "हिच्या आईला. मी पाहिलंय. पण ही हो म्हणाली तरच बोलेन. हिच्या बापाला कळेल."

बाबा बाहेर रिक्षात बसले होते. त्यांना कळू नये म्हणूनच एवढं सगळं गिळलंस ना तू? कशाला गं? लाज त्याला वाटायला हवी होती!

मी उठले आणि बाबांना आत बोलावलं.

रागावू नकोस. मावशी आता त्यांच्यासमोरच सांगतेय. बाबांनी मान खाली घातली तर हनुवटी धरून वर करीन. जेलमध्ये टाकलं तरी तक्रार मागे घेणार नाही, तुझी शपथ.

तुझी,
पिंकी