उजव्या हाताच्या सहा चामखिळी

३ जानेवारी
घड्याळांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, पण असा अपमान कधी झाला नव्हता. गिऱ्हाईक बाईंच्या मनगटावर पट्टा बांधत होतो, तर त्या घड्याळ सोडून माझी बोटंच बघत राहिल्या. उजव्या हातावर सहा चामखिळी. अंगठ्यावरची हरभऱ्याएवढी. मॅनेजर म्हणाला, हात बरा होईपर्यंत आत गोडाऊन सांभाळा. माझ्याशिवाय आठवड्यात काउंटर ओस पडेल, मग धावत येतील.
संकल्प: महिन्याभरात हात साफ.

५ जानेवारी
त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा विषाणू आहे आणि तो आत शिरलाय याचा तुमच्या शरीराला पत्ताच नाही. सर्वांत मोठ्या चामखिळीत गोवराच्या लसीचं इंजेक्शन देऊ. शरीर जागं होईल आणि बाकीच्यांनाही हाकलेल. दर तीन आठवड्यांनी एक, निदान चार.
माझं शरीर झोपलंय म्हणे. दहा वर्षांत साधी सर्दी नाही मला. (बायकोच्या मते गेल्या वर्षीच दोनदा.)

८ जानेवारी, सकाळी ११
इंजेक्शन घेतलं. अजिबात घाबरलो नाही. मध्ये आडवा झालो तो विश्रांती म्हणून. नर्सने तोंडावर पाणी का मारलं, समजलं नाही.

९ जानेवारी
अंगठा टम्म. अंगात कणकण. फौज निघाली.

१६ जानेवारी
पट्टीने मोजलं. अर्धा मिलिमीटर कमी. बायको म्हणते, पट्टी तिरकी धरलीय.

२९ जानेवारी
दुसऱ्या इंजेक्शनची तारीख. गेलो नाही. निघालेल्या फौजेला सारखं डिवचायचं नसतं. शिवाय गोडाऊनमधले पट्टे रंगवार लावायचे होते. सुईचा यात काही संबंध नाही.

६ फेब्रुवारी
शरीराला हातभार म्हणून नखांच्या कानशीने घासल्या. डॉक्टरबाई घासू नका म्हणाल्या होत्या, पण ते सामान्य पेशंटसाठी.

१९ फेब्रुवारी
नऊ. बायकोने स्वतःचा टॉवेल वेगळा केला.

२० फेब्रुवारी
बायकोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी फक्त विचारलं, घासल्यात का. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात बायको म्हणाली, "कानशीनं." दुसरं इंजेक्शन. तिचा हात घट्ट धरला. तिला आधार हवा असतो.

१३ मार्च
करंगळीवरच्या दोन गायब. त्यांना तर सुई शिवलीही नव्हती. तिसरं इंजेक्शन. हात धरला.

३ एप्रिल
चौथं. उरल्या तीन, त्याही सुकलेल्या. काउंटरवर बोलायच्या नव्या वाक्यांची यादी केली. पानं सहा.

२४ एप्रिल
एकही नाही. डॉक्टरबाई लसीला श्रेय देतात. देवोत बापड्या.

२५ एप्रिल
मॅनेजरने हात उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, छान झाला. मग म्हणाला, "तुम्ही आतच बरे. चामखिळी हे निमित्त होतं. तुम्ही गिऱ्हाइकाला बोलूच देत नाही, काका. तुम्ही आत गेल्यापासून माणसं घड्याळ घेऊन जायला लागलीत."
म्हटलं, मलाही स्टॉकचीच आवड आहे.
घरी बायकोने विचारलं, उद्यापासून काउंटर का. नाही म्हटलं. तिने माझा हात हातात घेतला, बोटांवरून बोट फिरवलं. मी विचारलं, मी फार बोलतो का गं.
तिने हात तसाच धरून ठेवला.
मी तिच्या उत्तरासाठी थांबलो.