बाबांच्या इंग्रजीचं भाषांतर

अशोका गार्डन, भोपाळ
रविवार, १५ जानेवारी १९८४

प्रिय रवीदादा,

तुला आणि अनुराधावहिनीला नमस्कार. इथे आम्ही तिघं बरे आहोत. थंडी पुष्कळ आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने अकरा बायका बोलावल्या आणि सगळं उभ्याने केलं. तिळाच्या वड्यांचं पार्सल वेगळं पाठवलं आहे. 'गोड बोला' असं मात्र मी लिहीत नाही, कारण पुढे मला स्वतःलाच ते जमणार नाही.

हे पत्र मी आधी वहीत लिहिलं, तपासलं, आणि आता उतरवून काढतो आहे. तेव्हा रागाच्या भरात लिहिलं असं समजू नकोस. राग आहे. पण तो आजचा नाही, दीड वर्षाचा आहे.

आईचं कार्ड तुला एव्हाना मिळालं असेल. 'हॅलमसाहेब आले आहेत, बाबांनी तुला ताबडतोब बोलावलं आहे,' एवढंच तिने लिहिलं. कशासाठी, ते लिहिलं नाही. ते मी लिहितो.

कारखान्यातल्या बाबांच्या शॉपला वीस वर्षं झाली म्हणून तिथल्या जुन्या लोकांना बोलावलं आहे. बुधवारी दुपारी हॅलमसाहेब कारखान्याच्या गेस्ट हाऊसला उतरले. काउंटरवर मी होतो. लहानपणापासून आपण त्यांचं नाव ऐकत आलो, पण मला वाटायचं, साहेब म्हणजे टाय लावलेला इंजिनिअर असणार. तसं नाही दादा. ते फिटर होते. विलायतेहून मशिनं आली, तेव्हा ती बसवायला आलेल्यांतले. हात पाहिलेस तर बाबांचेच हात. उजव्या अंगठ्याचं नख तसंच काळं.

त्यांच्याबरोबर ते डेप्युटी मॅनेजर होते, बाबांच्या निरोप समारंभात पहिल्या रांगेत पाइप ओढत बसले होते ते. साहेब काहीतरी बोलले. हे म्हणाले, "पार्डन?" साहेब पुन्हा बोलले. पुन्हा "पार्डन?" तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "यार, ये बुड्ढा बोल क्या रहा है? इंग्लिश तो बोल ही नहीं रहा!"

मला शब्द न् शब्द कळला होता. साहेब म्हणत होते, गुडघा गेला आहे, खालची खोली द्या, एक कप चहा द्या, आणि शॉपमधला काशी अजून आहे का ते सांगा. कपला 'कुप' म्हणाले. बसला 'बुस'. स्वतःचं नाव 'ॲलम' असं सांगितलं, पुढचा ह गिळून. गोऱ्या तोंडातून आपले बाबा बोलत होते!

टाउनशिपमध्ये सगळ्यांना वाटायचं, बाबांचं इंग्रजी त्यांच्या गावचं, वर्ध्याचं आहे. तुलाही वाटायचं. मलाही. ते वर्ध्याचं नव्हतं. ते इंग्लंडचं होतं, फक्त तिथल्या मोठ्या लोकांचं नव्हतं.

मी डेप्युटींना हिंदीत सांगितलं, "सर, नीचे का कमरा माँग रहे हैं." साहेबांना फक्त "येस सर" म्हणालो. काशीचा मुलगा समोर उभा आहे हे सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन बाबांना बातमी दिली. ते इतके खूश झाले की उठून ट्रंकेतला कोट काढला, आईला बटणं बघायला लावली. "ॲलमसाहेब आले! काशी म्हणाले का? काशीच म्हणाले?" असं चारदा विचारलं. मग कोट मांडीवर घेऊन बसले.

"रवीला बोलाव," म्हणाले.

"दादाला? कशाला?"

"साहेब बोलतील ते मला कळेल रे. पण मी बोलेन ते त्यांना कोण सांगणार? माझं इंग्रजी तुटकं. रवी नीट सांगेल. तो आला की मग जाऊ."

समजलं तुला? ज्या माणसाने त्यांना इंग्रजी शिकवलं, त्याच्याशी बोलायला आपल्या बाबांना दुभाषी हवा आहे. आणि तो तू.

हे कुठून आलं, ते आपण दोघंही जाणतो. आपण त्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही. आज बोलणार आहे.

शॉपमध्ये बाकीचे सगळे निरोपाचं भाषण हिंदीत करायचे. बाबांनी इंग्रजीत करायचं ठरवलं, कारण शॉपमधलं काम ते ज्या भाषेत शिकले त्याच भाषेत आभार मानायचे होते. आठ दिवस व्हरांड्यात पाठ केलं. तू पुण्याहून आलास, तुलाही आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आय केम टू धिस शॉप विथ नाउट." पहिल्या रांगेत खसखस पिकली. पाइपवाले शेजारच्याला म्हणाले, "ये कौन-से जिले की इंग्लिश है भाई? बैतूल की?" शेजारचा म्हणाला, "नहीं सर, बैतूलवाले तो समझ में आते हैं." बाबांनी ऐकलं. तरी पुढे बोलत राहिले.

आणि तू उठलास. हसत माइकपाशी गेलास, बाबांच्या खांद्यावर हात ठेवलास, आणि त्या तुझ्या मिशनच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणालास, "व्हॉट माय फादर मीन्स इज, ही केम हिअर विथ नथिंग." टाळ्या पडल्या. मग बाबा एक वाक्य बोलायचे आणि तू त्याचं इंग्रजी करून सांगायचास. इंग्रजीचं इंग्रजी! लोकांना गंमत वाटायला लागली. चौथ्या वाक्याला बाबा म्हणाले, "यू ओन्ली टेल," आणि खाली बसले. अठरा वर्षांची नोकरी, दादा, आणि शेवटचं भाषण तू केलंस. जेवताना सगळे तुझी पाठ थोपटत होते. "काशिनाथजी, लड़का हीरा है." तू "थँक यू सर, थँक यू सर" करत होतास.

त्या दिवसापासून बाबा इंग्रजीचा शब्द बोललेले नाहीत. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, क्वार्टरच्या आख्ख्या ओळीला ऐकू जायचा, आठवतं? आता इथे खिडकीशी बसून मनात वाचतात. बँकेत हिंदी. डॉक्टरकडे हिंदी. आई एकदा म्हणाली, "अहो, तो डॉक्टर मद्रासी आहे, त्याला हिंदी येत नाही, इंग्रजीत सांगा की." तर छातीत दुखतं हे त्यांनी हाताने दाखवलं. मुक्या माणसासारखं.

इथपर्यंतचं मी दीड वर्षात मनातल्या मनात तुला शंभरदा लिहिलं. दर वेळी इथे थांबलो, कारण पुढचं लिहिलं की सगळा राग तुझ्या एकट्यावर राहत नाही.

तू विचारशील, मी उगाच उठलो होतो का? नाही. बैतूलचं ऐकल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी तुला खूण केली. थांबव त्यांना, अशी. हाताने. बाबांनी ती पाहिली की नाही, मला माहीत नाही. पाहिली नसेल असं मी रोज स्वतःला सांगतो.

का केली, तेही लिहितो. पुढच्या सोमवारी गेस्ट हाऊसच्या नोकरीचा माझा इंटरव्ह्यू होता, आणि घेणारे तेच, पहिल्या रांगेतले. तू शाळेत इंग्रजी शिकलास. मी अकरावीत दोनदा नापास झालो. मला जे येतं ते बाबांकडून व्हरांड्यात आलेलं आहे, कुप आणि बुससकट. त्यांचं हसू थांबलं नाही तर सोमवारी ते माझ्यावर हसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इंटरव्ह्यूत मी हिंदीत बोललो. नोकरी लागली. काउंटरवर आजही स्पेलिंग एक चुकवत नाही आणि तोंड उघडत नाही.

काल दुपारी साहेब लॉनवर उन्हात एकटे बसले होते. डेप्युटी त्यांच्याजवळ फिरकतच नाहीत. मी चहा घेऊन गेलो आणि बोललो. इंग्रजीत. "सर, आय ॲम काशीज सन." त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू तर आमच्या गल्लीतल्या पोरासारखा बोलतोस." मग हसले, पण ते हसणं निराळं होतं. मी त्यांना समारंभाचं सगळं सांगितलं. माझ्या खुणेसकट. तुझ्याआधी त्यांना सांगितलं, याबद्दल माफ कर.

ते म्हणाले, त्या काळी इथल्या क्लबात त्यांच्याच देशाचे इंजिनिअर त्यांना आपल्या टेबलाशी बसू देत नसत. त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे. म्हणून ते सहा वर्षं शॉपमध्ये बाबांच्या डब्यातली भाकरी खात होते. "तुझ्या बापाने मला एकदाही 'पार्डन' म्हटलं नाही," म्हणाले. आणि मग विचारलं, "तो मला भेटायला का येत नाही?"

मोठ्या मुलाची वाट पाहतोय, असं सांगायचं त्यांना?

साहेब शुक्रवारी जाणार आहेत. बाबांनी काल पुन्हा विचारलं, "रवीला तार केलीस?" मी "हो" म्हणालो. केलेली नाही. करणारही नाही. आईच्या कार्डावरून तू निघायची तयारी करत असशील, तर ती सोड. होळीला ये, वहिनीला घेऊन ये, महिनाभर राहा. या आठवड्यात येऊ नकोस. तू आलास तर बाबा पुन्हा एकदा तुझ्या तोंडून बोलतील, आणि मग मरेपर्यंत तसेच बोलतील.

मंगळवारी माझी सुट्टी आहे. चार वाजता साहेबांना रिक्षाने घरी आणतो आहे. बाबांना सांगितलेलं नाही. कदाचित ते आतल्या खोलीत जाऊन बसतील. नाहीतर साहेबांना हात जोडून माझ्याकडे बघतील, मी सांगावं म्हणून. मी सांगणार नाही, दादा. मी बाबांशीच इंग्रजीत बोलेन. त्यांनी शिकवलं तसं, मोठ्याने, दार उघडं ठेवून. मग ते मला उत्तर देतात की नाही, ते बघायचं.

उत्तर दिलं नाही, तर तो दोष माझा, तुझा नाही. हे लिहून ठेवतो.

वहिनीला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

नीळकंठ काशिनाथ वैरागडे