सत्र संपले, पुन्हा प्रवेश घ्या

३ नोव्हेंबर

पेन्शन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने मानही वर केली नाही. "आजी, हयातीचा दाखला आता ऑनलाइन. घरी बसून करा." अरे, मी धडधडीत जिवंत तुझ्यापुढे उभी आहे — आणि जिवंत असल्याचं घरी जाऊन सिद्ध करू? आणि आजी म्हणे! शाळेत जन्म गेला माझा, मला सगळे बाई म्हणतात.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, तुला नाही झेपायचं हे. घर बंद कर आणि ये माझ्याकडे." नेहमीचंच तुणतुणं! मीही पेटले. म्हटलं, दाखला मी एकटीने काढला तर? "तर तुझ्या राहण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने यायचं." ठरलं. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मला इथून हलायचं नाही. का, ते इथेही लिहिणार नाही.

५ नोव्हेंबर

नाव टाकलं, नंबर टाकला. चष्मा पुसून येते तो फोनवर अक्षरं — "आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश घ्या."

संपलं! सत्र म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आता प्रवेश थेट जूनमध्ये!

६ नोव्हेंबर

कपाट उपसलं. न्यायचं काय, टाकायचं काय. रडले.

८ नोव्हेंबर

समोरच्या दारातले कंपाउंडर साखर मागायला आले. दवाखान्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वतःला मधुमेह — साखर कशाला लागते देव जाणे! कपड्यांचा ढीग बघून त्यांचा चेहरा पडला. मी सांगितलं, सत्र संपलं, आता जूनची वाट बघायची.

ते असे हसले की भिंतीला टेकावं लागलं. "अहो बाई, ते शाळेचं सत्र नव्हे! थोडा वेळ हात लावला नाही की फोन कंटाळतो. प्रवेश घ्या म्हणजे पुन्हा आत शिरा. मी तर रोज नापास होतो!"

आधी राग आला. मग मलाही हसू आवरेना.

१० नोव्हेंबर

कंपाउंडरना दाराबाहेर बसवलं — एकटीने म्हणजे एकटीने! चष्मा आधीच पुसून घेतला. फोन म्हणाला, चेहरा दाखवा. दाखवला — वर्गात बघायचे तसे डोळे वटारून. वर्ग चिडीचूप व्हायचा. फोनही चिडीचूप!

बाहेरून आवाज — "बाई, पापण्या लववा! घाबरला असेल तो बिचारा!" मला हसू फुटलं, पापण्या लवल्या, आणि — हिरवी खूण! झालं! मी हयात आहे! सरकारदरबारी हयात!

(ते दाराबाहेरून बोलले. ते धरायचं नाही.)

मुलाला दाखला पाठवला. लगेच फोन. "हरलो, आई. विषय बंद." आज मीच मला शाबासकी दिली. कपाट पुन्हा लावलं.

२१ नोव्हेंबर

आज दुसरा अर्ज भरला. फोन माझ्या हातात, कंपाउंडर शेजारी — दाराच्या आत. विवाह नोंदणी. अर्जदार दोन, दोघेही हयात. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली — सत्र संपायच्या आत!

उद्या मुलाला सांगायचं. विषय मीच काढेन. त्याने न काढण्याचा शब्द दिलाय.