निवळीचा घोट

३ नोव्हेंबर

पोचले बाई एकदाची. दोन बॅगा, माझी उशी (परक्या उशीवर मला झोप लागत नाही, त्याला इलाज नाही) आणि ही वही. वरच्या मजल्यावर खोली दिलीय, खाली स्टुडिओ. जिना उतरलं की कामावर. इतकी वर्षं धक्के खात कामाला गेलेल्या बाईला आणखी काय हवं?

काम व्हिडिओ गेमचं आहे. साबणाच्या वडीपासून कार्टूनमधल्या बदकापर्यंत सगळ्यांना आवाज देऊन झालाय, पण गेम हा पहिलाच. गोष्ट अशी की जग बेचिराख झालंय, एकच शहर कसंबसं उरलंय आणि तिथले लोक निवळी नावाचं औषध पितात. घोट घेतला की पडक्या भिंती रंगवलेल्या दिसतात, मेलेली माणसं आठवत नाहीत आणि सगळे हसतमुख. जो पीत नाही तो ‘रडका’. हसरे लोक त्याच्या मागे लागतात आणि त्याला पाजूनच सोडतात. खेळणारा म्हणजे तो रडका, आणि मी त्याची शेजारीण, सदा हसरी. नाकावर राग असलेल्या बाईला नेमकी हीच भूमिका. ताई असती तर पोट धरून हसली असती.

४ नोव्हेंबर

आज ओळखी झाल्या. दिग्दर्शन करणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव पडलंय कानसेन, कारण काचेपलीकडून त्याला आपल्या पोटातली गुडगुडसुद्धा ऐकू येते. हेडफोन कानावर चढला की त्याला जगाचं भान नसतं. बाकी पाचसहा कलाकार आहेत, सगळे भारी गोड बोलणारे. माझ्यासारखे नवीन म्हणजे एक काका. नाटकात उभं आयुष्य गेलेला माणूस, आवाज असा की खुर्चीसुद्धा सरसावून बसावी.

जेवताना काकांनी पाकिटातला बायकोचा फोटो दाखवला. दोन वर्षं झाली तिला जाऊन, पण अजून दोन कप चहा टाकतो म्हणाले. मग मीही सांगितलं. माझी ताई मार्चमध्ये गेली, साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. आम्ही दोघं तिथेच डोळे पुसत बसलो. जेवण गार झालं. बरं वाटलं पण मला.

६ नोव्हेंबर

हसू जमेना. तेच वाक्य, ‘आजचा दिवस किती सुंदर आहे, नाही का शेजारी?’ आणि मग खळखळून हसायचं. मॅडम म्हणाल्या, हसण्याला तडा आहे. पुन्हा. पुन्हा. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं, हसण्याचा कारखाना नाही माझ्याकडे.

मॅडम चिडल्या नाहीत. थर्मासमधलं कोमट पाणी पेल्यात ओतून दिलं, घशासाठी आहे म्हणाल्या, इथे सगळे हेच घेतात. किंचित गोड होतं. आवाजाच्या धंद्यातला माणूस घशाच्या औषधाला नाही म्हणत नाही. कुणी उकळलेला पालापाचोळा दिला तरी आम्ही गुळण्या करून पुढे तीच गोष्ट दुसऱ्याला सुचवतो.

पुढच्याच टेकला हसू आलं. खोटं नाही, पोटातून आलं. कानसेनने अंगठा वर केला.

११ नोव्हेंबर

काम लोण्यासारखं चाललंय. झोप गाढ लागते. उशी बदलली तरी चालेल असं वाटतं. आज दिवसभरात एकदाही कुणावर खेकसले नाही. आईने फोनवर विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना.

१५ नोव्हेंबर

काकांचं पाकीट टेबलावरून पडलं. मी उचलून दिलं. त्यांनी उघडून आतला फोटो बाहेर काढला, निरखून पाहिला आणि विचारलं की ह्या बाई कोण, कुणाच्या तरी पाकिटातला फोटो चुकून इकडे आला वाटतं. मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, काका, असली थट्टा बरी नव्हे. ते मनापासून हसले. फोटो टेबलावर ठेवून हात धुवायला गेले.

फोटो मी उचलून माझ्याकडे ठेवलाय. अंगावर काटा आला होता, पण पाणी प्यायले आणि बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

आईचा फोन आला. रडत होती. कपाट आवरताना ताईची साडी हाती लागली म्हणाली.

मी विचारलं, कोणाची?

आई म्हणाली, अगं ताईची, आपल्या ताईची. आणि मी अगदी सहज, हसत म्हटलं, आई, मला कुठे ताई आहे?

पलीकडून जो आवाज आला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मी ताईला दुसऱ्यांदा मारल्यासारखं आईने मला विचारलं, तुला झालंय तरी काय. डोक्यात चाचपून पाहिलं. तिथे जागा होती, माणूस नव्हतं.

आधी काका, आता मी. त्या पाण्यातच आहे काहीतरी. दुसरं काही नाही. मी मूर्ख, मी गटागटा पीत राहिले.

१८ नोव्हेंबर

मॅडमना गाठलं. म्हटलं, खरं काय ते सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. त्यांनी लपवलंही नाही. हो, ती निवळीच आहे. कंपनीने खरोखर बनवलीय. गेमच्या प्रत्येक खोक्यात एक छोटी बाटली जाणार आहे. खेळणाऱ्यांना शहर आतून कळावं म्हणून. त्याआधी कलाकारांवर वापरून पाहिली. तुमचं दुःख आम्ही फुकट घेतलं, त्यात बिघडलं काय, असं विचारलं. तोंडावर हसू तसंच.

मी सांगितलं, ते दुःख तुमच्या बापाचं नव्हे. माझी बहीण मेलीय, तिच्यासाठी मी रडेन नाहीतर डोकं आपटेन, तुम्ही मध्ये बोलणाऱ्या कोण? आणि तो थर्मास त्यांच्या टेबलावर उपडा केला. कागद सगळे भिजले. मॅडम म्हणाल्या, किती छान निळं दिसतंय.

१९ नोव्हेंबर

थेंब घेतला नाही. नळाचं पाणी प्यायले. सकाळी ताईचे हात आठवले, नुसते हात. दुपारी जिन्यात तिचा खोकला आठवला आणि खाली बसूनच रडले. दुखतंय. दुखू दे. एक एक करून सगळं परत घेणार आहे मी.

२० नोव्हेंबर

बॅगा भरल्या. दार कार्डाने उघडतं, माझं कार्ड लागत नाही. फोन स्टुडिओत जाताना बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम आहे, आज कपाटात नव्हता. खिडकीला जाळी. मॅडम म्हणाल्या, गर्दीचा प्रवेश उरलाय, तेवढा झाला की सगळे घरी.

काकांना फोटो दिला. तुमची बायको आहे, दोन कप चहा टाकता तुम्ही, म्हटलं. त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मग बाकीच्यांनी त्यांना पेला दिला.

ठीक आहे. गर्दीचा प्रवेश करते. खोटं हसायला मला कुणी शिकवायला नको. दार उघडलं की काकांना ओढत बाहेर नेणार, उचलून न्यावं लागलं तरी.

२१ नोव्हेंबर

घाईत लिहितेय. छोट्या बूथमध्ये आहे, कडी आतून लावलीय.

गर्दीचा प्रवेश असा होता: एक माइक, भोवती आम्ही सगळे, आणि मधल्या रडक्याची समजूत घालायची. घे ना, घोटभर घे, किती हट्ट करशील. दोन टेक नीट झाले. तिसऱ्याला मला कळलं की कुणी माइककडे बघत नाहीय. सगळे माझ्याकडे वळलेत. वाक्यं तीच, घे ना, घोटभर घे, पण तोंडं माझ्याकडे. काकासुद्धा. कानसेन काचेमागे मान खाली घालून बसलेला, लाल दिवा चालू, त्याच्या दृष्टीने टेक उत्तम चाललेला.

मी मागे सरकले नाही. त्यांच्याहून मोठ्याने हसले. वाक्यं फेकत राहिले, त्यांची त्यांच्यावरच. घसा कोरडा पडला.

आणि हात गेला. स्टुलावरच्या पेल्याकडे. बारा वर्षांची सवय, टेक संपला की पेला, बघायचंसुद्धा नाही. अख्खा घोट. गिळल्यावर कळलं.

कुणी पाजली नाही मला. मीच —

असो. आता रडत बसायला वेळ नाही. रडायचंय ते कामाला लावायचंय.

थोड्या वेळाने

दार वाजवतायत. हळू, प्रेमाने. मॅडम हेडफोनमधून म्हणतायत की बाळा, आता कशाला त्रास करून घेतेस.

लिहिते जेवढं आहे तेवढं. ताई माझ्याहून मोठी. सायकल शिकवताना मागून धरलंय म्हणाली आणि धरलं नव्हतं, मी पडले तर आधी हसली, मग तिलाच रडू आलं. माझी भांडणं तीच भांडायची. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मला म्हणाली, तू घरी जा, जेवून ये. मी गेले. परत आले तेव्हा —

किती छान दिवस आहे

नाही. खोडणार नाही ते, राहू दे, बघू दे कुणालाही कसं होतं ते.

ताई. मोठी. सायकल. मागून धरलं होतं — नव्हतं. नव्हतं धरलं.

हात हलके झालेत. भिंत निळी दिसतेय, मघाशी राखाडी होती. राखाडीच आहे ती.

बूथमध्येही माइक आहे. लाल दिवा चालू. कानसेन थांबवणार नाही, थांब म्हटल्याशिवाय तो कधीच थांबवत नाही. त्याच्या कानात थेट जाईल. बाहेर सगळ्यांच्या कानाला हेडफोन आहेत. काकांच्याही. काकांच्या बायकोचंही सांगणार, दोन कप चहाचं. मग ताईचं. हसणारी शेजारीण हवी होती ना यांना, घ्या आता.

रडू येत नाहीय. आत आहे, वर येत नाहीय. आणीन. ओढून आणीन. माझं आहे ते

कडी हलतेय

हसू येतंय. दात आवळलेत.

नाव अजून आहे माझ्याकडे. आधी माइकमध्ये ओरडून सांगते, सगळ्यांच्या कानात, मग इथे लिहिते. ताईचं नाव