सांभाळायला ठेवलेला आवाज

३ मार्च १९९७

कॅसेट आली! ‘राखेखाली’. मुखपृष्ठावर आम्ही चौघं. त्यातली चौथी मी, नवी गायिका, तीही अर्धीच — एक कान आणि एक डोळा. ओपिक म्हणतो, छापणाऱ्याने कापलं. ‘आबू कावा’ बँड त्याचा, गिटार त्याची, आणि फोटोत तो कसा बरोब्बर अख्खा आलाय!

सकाळीच पाक एंकोसच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन उभी राहिले, टोपी डोळ्यांवर ओढून. कॉलेजची दोन पोरं ऐकायला आली. एक म्हणाला, "कांग यायात नाही तर ‘आबू कावा’ कसला? नुसता कावा!" दुसऱ्याने चौथं गाणं दोनदा ऐकलं आणि कॅसेट विकत घेतली. त्याला मनातल्या मनात शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं.

५ मार्च

रेडिओवर आमच्या कॅसेटवर लोकांचे फोन. पाऊण तास शिव्या खाल्ल्या. एक म्हणाला, "मासे विकणारीच्या हातात माइक दिलाय." (माझी मावशी मासे विकते. तिचा आवाज फार चांगला आहे. गाढव!)

मग चिमाहीहून एक बाई बोलल्या. "मला तर फार आवडली. पण चौथ्या गाण्यात कांग यायात गातोय, तरी त्याचं नाव का छापलं नाही? आम्हाला काय खुळं समजता?"

निवेदक हसला. मला हसू आलं नाही. चौथं गाणं मी एकटीने गायलंय. कांग यायातला तर ऑगस्टपासून शब्द काढता येत नाही. नऊ वर्षं आमच्या बँडचा गायक, सगळ्यांचा कांग म्हणजे थोरला दादा; मग घशात गाठ आली. डॉक्टरांनी गाणं बंद केलं, पाठोपाठ बोलणंही गेलं. आता पाटीवर लिहितो.

८ मार्च

पत्रं आली, पिशवीभर. अर्धी शिव्यांची. अर्धी कौतुकाची, आणि तीही त्याच्याच! "तो दुसऱ्या गाण्याच्या शेवटी येतो तेव्हा काटा येतो." "त्याला लपवून ठेवता का?" तासिकमालायाच्या एका मुलीने लिहिलंय, "ताई, तुम्ही गायलेलं गाणं नेमकं कोणतं?"

रडले. मग जेवले. मग परत रडले.

९ मार्च

हेडफोन लावून सगळी कॅसेट ऐकली. प्रत्येक गाण्याच्या आधी दोन बारीक खोकले आहेत. खक्, खक्. कांग यायातची सवय ती! स्टेजवर पहिल्या ओळीआधी नेहमी.

ओपिकला घरी जाऊन गाठलं. म्हटलं, "जुन्या टेपातले त्याचे खोकले चिकटवलेस ना? लोकांना गंडवायला?"

तो बघतच राहिला. "नेंदेन, ते तुझे आहेत. काचेपलीकडून बघत होतो मी. दरवेळी खोकायचीस. मला वाटलं, नक्कल करतेयस. आवडलं, म्हणून ठेवले."

मी खोकले नाही. एकदाही नाही.

११ मार्च

एमाचा गारुतहून फोन. आईने तरी कौतुक करावं! बस स्टँडजवळच्या तिच्या शेडमध्ये दिवसभर कॅसेट लावली होती म्हणे. लोक मोटारसायकली, हेल्मेटं सांभाळायला ठेवतात आणि पितळी बिल्ला घेऊन जातात, ते सगळे ऐकून गेले.

"छान आहे गं. पण तू कुठल्या गाण्यात आहेस?"

"सगळ्याच, एमा."

"चल! तो बाप्या गातोय तो कोण मग?"

"एमा, मीच आहे ती."

मग म्हणाली, "जेवतेस ना नीट?"

१२ मार्च

तोंडाला केंचुरचा वास येतोय. उग्र, कापरासारखा. घसा सुटावा म्हणून गाणारे चघळतात ते मूळ. मी आयुष्यात एकदाच खाल्लंय, ऑगस्टमध्ये. तीनदा दात घासले. वास आहेच.

१४ मार्च

ते लिहूनच टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये कांग यायातने माझ्या हातात माइक दिला, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याने खिशातून केंचुरचं मूळ काढलं, मधोमध मोडलं. अर्धं मला चघळायला लावलं. अर्धं परत खिशात. आणि बसलेल्या घशातून एकच शब्द म्हणाला — "तितिप."

त्यात काय एवढं? आपण सगळे उठता-बसता म्हणतो. शेजारी छत्री ठेवली, तितिप. पोर ठेवलं, तितिप. सांभाळ, आलोच. मला वाटलं, गाणी सांभाळ म्हणतोय. म्हटलं, "हो कांग, सांभाळीन." किती भारी वाटलं होतं तेव्हा! त्या शब्दानंतर त्याच्या तोंडून आवाज निघालेला नाही.

आज फोनवर एमाला हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दुसरं अर्धं त्याच्याकडे आहे?"

"असेल. का?"

"तोच त्याचा बिल्ला, बाई. माझ्या शेडला काय वेगळं असतं? एक वस्तूला अडकवायचा, एक मालकाकडे. बिल्ला दाखवला की वस्तू द्यावी लागते. नाही म्हणता येत नाही."

१८ मार्च

कॉलेजच्या मैदानात कार्यक्रम. पुढच्या रांगेत फलक — ‘आमचा यायात परत द्या’. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी तो फलक खाली ठेवला. चौथ्याला ती पोरं रडत होती. एवढ्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नाहीत. मला?

मध्येच उंच सूर लावायला गेले तर लागेना. खालचा, जाड, त्याचा — तो आपोआप आला. माझा कुठे गेला ते कळलं नाही.

२२ मार्च

लेम्बांगला गेले होते, कांग यायातकडे. फलकवाल्या पोरांसारखीच मीही मागायला गेले होते — माझं मला परत द्या.

भर दुपार, अंगणात लख्ख ऊन. तेतेह रातना, त्याची बायको, आम्हा सगळ्यांची तेतेह म्हणजे ताई, भाजी निवडत होती. मला बघून आनंदली. "महिना सुरू झाल्यापासून गुणगुणतोय गं! तुमची कॅसेट आली आणि घसा मोकळा व्हायला लागला. तुझा पायगुण!" पाटी फळीवर होती. तिच्यावर धूळ.

तो बाहेर आला. अंगाने भरलाय. समोर बसला, हसला. खिशातून काळं, सुकलेलं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. अर्धं मूळ. मोडलेली कड मला लगेच ओळखू आली.

मी म्हणाले, "कांग, तुमचं न्या. पण माझं मला राहू द्या." हे मी खरंच म्हणाले. निम्मं वाक्य त्याच्या आवाजात होतं.

त्याने मूळ तोंडात टाकलं. कडकड चावलं. खक्, खक्.

"नेंग, पोरी," तो म्हणाला, स्वच्छ, घंटेसारखं. "चांगलं सांभाळलंस."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वारा आला नुसता. तेतेह रातना आनंदाने हुंदके देत होती, माझ्याकडे बघायला तिला वेळ नव्हता.

२३ मार्च

काहीच नाही. कुजबुजही नाही.

२५ मार्च

घशाच्या डॉक्टरकडे. बॅटरी लावून बघितलं. "लहान मुलासारखा स्वच्छ घसा आहे. बोला की!"

बोला की!

३० मार्च

एमा आली, बसने, भाताची खीर घेऊन. दारातच गळ्यात पडली. "काल रेडिओवर ऐकलं तुला! कांग यायातच्या नव्या गाण्यात, मागून वर-वर जातेस ना, ती तूच. आता कसा तुझा स्वतःचा आवाज! नऊ महिने पोटात वाढवलंय, मी ओळखणार नाही होय?"

‘ती मी नाही, माझा आवाज गेलाय,’ असं मी वहीत लिहून दाखवलं. एमा एकेक अक्षर लावत वाचते. वाचलं. खिरीचा डबा परत बंद केला, उगाचच.

"मेल्याने दोन नेले," ती म्हणाली. "एक ठेवला आणि दोन उचलले."

मग बराच वेळ तिच्या शेडबद्दल बोलत बसली. कोणाचं हेल्मेट चोरीला गेलं की तो काय करतो? दुसऱ्या दिवशी शेजारचं उचलतो. त्या शेजाऱ्याने काय करावं? तो पलीकडचं. "सगळ्या स्टँडवर माणसं एकमेकांची हेल्मेटं घालून फिरताहेत बघ. मी बारा वर्षं बघतेय."

तिने गंमत म्हणून सांगितलं. मला हसवायला.

१ एप्रिल

पाक एंकोसच्या दुकानात आमच्या कॅसेटींचा ढीग, लोकांनी परत केलेल्या. "बदलून द्या म्हणतात," तो म्हणाला. "म्हणतात, बावीस तारखेपासून हिच्यावर गाणंच नाही. नुसती वाद्यं." एक लावून दाखवली. गिटार, ढोल, आणि मध्ये मोकळी जागा, माणसाच्या तोंडाएवढी.

शेजारच्या फळीवर कांग यायातची नवी कॅसेट. माणसं रांगेत.

४ एप्रिल

ओपिक आला होता. माझ्याशी बोलताना तोही खालच्या आवाजात बोलतो, मी आजारी असल्यासारखा. बँडला गाणारी हवीच. एक मिळालीय. रेंगानिस, सुमेदांगची, एकोणीस वर्षांची. "पोरीचा आवाज ऐक एकदा, नेंदेन! तू ये तिला माइक द्यायला. कांग यायातने कसा तुला दिला, तसा. पोरीला बरं वाटेल."

मान हलवून नाही म्हटलं. तो गेल्यावर दार लावलं आणि जमिनीवर बसून राहिले.

६ एप्रिल

घशाच्या तळाशी काहीतरी उरलंय. एका शब्दाएवढं. आरशासमोर उभी होते तेव्हा जाणवलं. एमाला हाक मारावी, असं फार मनात आलं. मारली नाही. तोंड मिटून घेतलं.

७ एप्रिल

रेंगानिसची टेप ऐकली. नऊ वेळा. इतका निर्मळ आवाज! ही पोरगी कोणाचं काही लागत नाही. हिने माझं काय वाकडं केलंय?

९ एप्रिल

बाजारात गेले होते. फक्त लसूण आणायला.

१० एप्रिल

तालमीच्या खोलीत रेंगानिस आणि मी, दोघीच. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला उठवलं, माइक दिला, केंचुर मोडलं. अर्धं तिच्या ओठांपाशी धरलं. अर्धं खिशात ठेवलं. मग तो उरलेला एक शब्द वापरला.

गोड हसली. "हो तेतेह," म्हणाली, "सांभाळीन."